नावं लिहायची वही

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक निरोप आहे.

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका घरी तेरवीला गेलो होतो. मुलगा पुण्यात नोकरीला. वडील अचानक गेले. घरची चार एकर कोरडवाहू, सोयाबीन अजून शेतात उभं. त्यामुळे खर्चासाठी आडत्याकडून उचल घ्यावी लागली. दोन-अडीचशे पानं उठली. यात गावाला नवं काहीच नाही. आपण सगळेच अशा पंगतीत बसतो, बुंदी वाढून घेतो, हात धुतो आणि घरी येतो. मीही बसलो.

निघताना तो पोरगा गाडीपाशी आला. म्हणाला, "काका, मले हे करायचं नव्हतं. बाबांच्या नावानं शाळेला पुस्तकं द्यायची होती. पण काकालोक म्हणे, लोकं काय म्हनतील. पुण्यात आम्ही रविवारी वीस-तीस जण बसतो. देव, धर्म, लग्न, मरण, संविधान, सगळ्यावर बोलतो. कोणी कोणाचं तोंड दाबत नाही. इथं कोणासोबत बोलू, सांगा बरं."

वीस वर्षांवर पत्रकारिता केली. मोबाइलमध्ये हजारावर नंबर आहेत. पण त्याला देण्यासारखा एकही नंबर आठवला नाही. "पाहू," म्हणालो आणि गाडीला किक मारली.

ते "पाहू" मला टोचत राहिलं. एका मित्राला सांगितलं तर तो हसला, "हे पुण्या-मुंबईचे चोचले आहेत भाऊ, आपल्याकडे कुठं असतं असलं." तेव्हा ठरवलं की या चोचल्यांचा इतिहास एकदा नीट मांडायचा. कारण तो पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे आणि त्यात आपल्या जिल्ह्याचंही एक पान आहे.

सुरुवात होते सुरतेत. साल १८४४. तिथल्या शाळेत शिकवणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर, म्हणजे मराठी व्याकरणकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते, आणि दुर्गाराम मंछाराम मेहताजी यांनी काही मित्रांसोबत एक सभा काढली. नाव ठेवलं 'मानवधर्म सभा'. मानवतावाद हा शब्द मराठीत रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. दर रविवारी उघड सभा भरायची. जातिभेद, विधवांचे हाल, मूर्तिपूजा यांवर बोलणं व्हायचं. मंत्रतंत्रवाल्यांना जाहीर आव्हान दिलं जायचं की शक्ती असेल तर इथं सिद्ध करून दाखवा. पुढे दादोबांची मुंबईला बदली झाली, काही वर्षांनी दुर्गारामही सुरतेतून गेले आणि सभा थंडावली. चालवणारे दोघं-चौघं हलले की काम संपतं. हा रोग किती जुना आहे बघा!

मुंबईत १८४९ मध्ये दादोबा आणि मंडळींनी परमहंस सभा काढली. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. जात मोडायची, माणूस म्हणून एकमेकांकडे बघायचं, हा तिचा गाभा. पण या वेळी सभा गुप्त ठेवली. आत यायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. आज कोणी म्हणेल, त्यात काय एवढं? तेव्हा एवढ्यावरून जातीबाहेर टाकत. सोयरीक बंद, हुक्कापाणी बंद, घरात मयत झाली तर खांदा द्यायला कोणी नाही. म्हणून दारं लावून बैठका व्हायच्या. मुंबईबाहेरही शाखा निघाल्या.

आणि १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली. कोण कोण सभासद आहेत ती नावं बाहेर फुटली. झालं, सभा मोडली. मारहाण झाली नाही, बंदीचा हुकूम निघाला नाही. नावं उघडी पडली एवढंच! एकत्र बसून पाव खाणारी शिकलीसवरलेली माणसं आपलं नाव चारचौघांत घेतलं जाताच पांगली.

मी त्यांना हसणार नाही. कारण सांगतो.

२००३ ची गोष्ट. नवानवा पत्रकार होतो. कामानं मुंबईला गेलो असताना एक मित्र मला रविवारी दादरला अशाच एका बैठकीला घेऊन गेला. एका शाळेची खोली, पंचवीसेक माणसं. एक निवृत्त कारकून, दोन कॉलेजच्या मुली, एक डॉक्टर, एक बेस्टचा कंडक्टर. विषय होता, आईवडिलांची श्रद्धा आणि आपला विवेक यांचं भांडण घरात कसं सोडवायचं. दोन तास कोणी आवाज चढवला नाही. मला ते फार आवडलं. पण दारातच एक वही होती. नाव, गाव, फोन नंबर लिहायचा. मी पेन हातात घेतला आणि नुसतं आद्याक्षर लिहिलं. गावाच्या जागी 'विदर्भ'. फोनची जागा कोरी. बहिणीची सोयरीक चालू होती तेव्हा. मनात आलं, कुठून कुठं गोष्ट जाईल, कोणी सांगावं! दीडशे वर्षांनी माझ्या मनात परमहंस सभेचीच भीती होती. माझी वही चोरायचीही गरज नव्हती, मी आधीच नाव गाळलं होतं.

आता पुण्याला या. २४ सप्टेंबर १८७३. जोतीराव फुल्यांच्या बोलावण्यावरून साठेक माणसं जमली आणि सत्यशोधक समाज निघाला. परमहंस सभेत आणि यात मोठा फरक होता. इथं काही लपवलेलं नव्हतं. आठवड्याला बैठक. विषय बघा, म्हणजे तुम्हाला आजचेच वाटतील : शिक्षण सक्तीचं करावं, दारू सोडावी, लग्नं कमी खर्चात करावीत, भटाशिवाय विधी करावेत, ज्योतिष आणि भुताखेतांच्या भीतीतून माणसाला सोडवावं. बोलणं बैठकीपुरतंच राहिलं नाही. तीन महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ ला, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई ग्यानोबा निंबणकर यांचं लग्न पुरोहिताशिवाय लागलं. १८७६ पर्यंत सभासदांची संख्या ३१६ वर गेली होती. त्यांची नावं झाकलेली नव्हती.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. फुले नास्तिक नव्हते. ते निर्मिक मानत. परमहंसवालेही एका ईश्वराला मानणारे होते. म्हणजे या बैठकांमधला प्रश्न देव आहे की नाही एवढाच कधीच नव्हता. माणूस आधी की रूढी आधी, आणि हे विचारायची मुभा आहे की नाही, हा खरा प्रश्न होता. आणि बाया मागं बसायच्या का? तर नाही. जोतीराव १८९० मध्ये गेले. त्यानंतर १८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद झाली, तिच्या अध्यक्षस्थानी सावित्रीबाई होत्या. त्या तेरवीच्या घरी पोराची आई मात्र आतल्या खोलीत होती. उचल किती घ्यायची हे ठरवताना तिला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

पुढे हा विचार शहरातून खेड्यात आला. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालवला, तो नेवासे तालुक्यातल्या खेड्यातून. हा सत्यशोधकी अंक १९६७ पर्यंत चालला. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून "आपल्याकडे स्कोप नाही" म्हणणाऱ्या आम्हा पत्रकारांनी हे साल पाठ करावं. गावोगाव जलसे झाले. जे पुण्यात बैठकीत बोललं जायचं, ते इथं ढोलकीवर लोकांसमोर आलं. वऱ्हाडातही ही चळवळ जोरात होती.

आणि आता आपलं पान. १९२७ साली महात्मा फुल्यांचं एक चरित्र प्रसिद्ध झालं. फुल्यांच्या सुरुवातीच्या चरित्रांपैकी ते एक, आणि आजही अभ्यासकांना त्याचा आधार घ्यावा लागतो. लेखक पंढरीनाथ सीताराम पाटील. प्रकाशनाचं ठिकाण पुणे नाही, मुंबई नाही. चिखली, जिल्हा बुलढाणा! फुले जाऊन ३७ वर्षं झाली होती, मोठ्या शहरांतली मोठी मंडळी त्यांना विसरत चालली होती, तेव्हा त्यांचं चरित्र आपल्या घाटावरच्या गावातून निघालं. चिखलीच्या बसस्टँडवर उभं राहून दहा पोरांना हे विचारा. एखाद्याला माहीत असेल तर मला कळवा, मी चहा पाजतो. "आपल्याकडे कुठं असतं असलं" याचं उत्तर हे आहे. होतं. आपणच विसरलो.

पुढचा टप्पा मानवेंद्रनाथ रॉय यांचा. जगभरच्या क्रांत्या पाहून आलेला हा माणूस १९३१ मध्ये मुंबईत पकडला गेला आणि १९३६ मध्ये तुरुंगातून सुटला. १९४० मध्ये त्यांनी पक्ष काढला आणि डिसेंबर १९४८ मध्ये स्वतःच तो विसर्जित केला. कारण काय? आधी माणसं विचार करायला शिकली पाहिजेत, नाहीतर सत्ता कोणाचीही आली तरी लोकशाही वरवरचीच राहते. आज जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी तीन पक्ष फिरून येणारे बघताना ही गोष्ट गोष्टीतलीच वाटते. महाराष्ट्रात रॉय यांच्यासोबत कोण होतं? वाईचे वेदशास्त्रसंपन्न तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. सासवडमध्ये जन्मलेले आणि पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेले वि. म. तारकुंडे. अभ्यासवर्ग, शिबिरं, चर्चा हीच त्यांची कामाची पद्धत. १९५२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला मानवतावाद्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापकांत भारतातली ही मंडळीही होती. त्यामुळे हे खूळ परदेशातून आलं असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. जगातली ती खुर्ची मांडायला आपलीही माणसं होती.

हे फक्त हिंदूंच्याच घरातलं भांडण होतं असंही नाही. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले. मागणी तोंडी तलाक बंद करण्याची. सात बाया! २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. नावातला 'सत्यशोधक' कुठून आला ते सांगायला नको.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि गावोगावच्या शाखांमधून बैठकांची सवय लावली. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेले असताना पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते कित्येक वर्षं झगडले, त्याचा अध्यादेश त्यांच्या खुनानंतर चार दिवसांनी निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. खुनाचा निकाल मे २०२४ मध्ये लागला. दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष सुटले.

आता परमहंस सभा आठवा. १८६० मध्ये नुसती नावं फुटली आणि सभा मोडली. २०१३ मध्ये माणूस मारला, तरी बैठका मोडल्या नाहीत. अजूनही दर २० ऑगस्टला त्या पुलावर लोक जमतात. हे बळ कुठून आलं? मला वाटतं दोन गोष्टींतून. एक, दार उघडं आणि नाव उघडं. दुसरं, ठरलेला वार. कोणी येवो न येवो, त्या दिवशी तिथं कोणीतरी असणार ही खात्री. विचार सगळ्यांकडे असतात. एकट्याचा विचार पंगतीत बसल्यावर गप्प होतो, एवढंच.

कायदाही आज आपल्या बाजूनं आहे. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ पासून. जातपंचायतीनं वा गावकीनं कोणाला वाळीत टाकलं तर तो गुन्हा आहे. दादोबांच्या काळी हे संरक्षण नव्हतं. तरीही ते बसले. आपण कायदा असून बसत नाही.

काही जण म्हणतील, व्हॉट्सॲप ग्रुप आहे की! आहे. सकाळी फुलं, दुपारी भांडण, संध्याकाळी कोणीतरी 'लेफ्ट'. समोरासमोर बसलेल्या माणसाला आपण तसं बोलत नाही, कारण त्याचे डोळे दिसतात. त्याला चहा द्यावा लागतो.

तर निरोप असा. येत्या रविवारपासून संध्याकाळी पाच वाजता माझ्या घराच्या ओसरीत बसायचं. चहा माझ्याकडून. देव मानणारे या, न मानणारे या, अजून ठरलं नाही ते तर नक्कीच या. बाया-मुलींनी यावं, माझी बायको आणि मुलगी बसणारच आहेत. पक्षाचा झेंडा बाहेर ठेवायचा. कोणाच्या आईच्या श्रद्धेची टिंगल करायची नाही आणि कोणाचा प्रश्न दाबायचा नाही. पहिला विषय : तेरवीचा खर्च. त्या पोराला फोन केला. या रविवारी तो गावी आहे, येतो म्हणाला. आईलाही आणून पाहतो म्हणाला.

एक वही ठेवली आहे. नाव लिहायची सक्ती नाही. कोणी नुसतं आद्याक्षर लिहिलं तरी मी काही म्हणणार नाही, तो हक्क मला नाही. पहिल्या ओळीत माझं नाव, गाव आणि फोन नंबर काल रात्रीच लिहून ठेवला आहे.

पत्ता गाववाल्यांना माहीत आहे. बाहेरगावच्यांनी इनबॉक्समध्ये विचारा. चार जण आले तरी बैठक होईल. कोणीच आलं नाही, तर पुढच्या रविवारी पाचला पुन्हा बसेन.