दोन टोके, दोन नियम

कार्यालयातील संगणकजाळे बंद पडले तर धावपळ होते. ते रेंगाळत चालले तर मात्र बहुधा वाढीव बँडविड्थचा प्रस्ताव तयार होतो. खिडकीसमोरचा नागरिक तिष्ठत राहतो, आणि दोष कित्येकदा इमारतीतल्याच एका केबलच्या दोन टोकांवर दडलेला असतो. या दोषाचा इतिहास प्रशासकांनी जाणून घ्यावा असा आहे.

अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले. इथरनेटचा उगम त्यात आहे. सारे संगणक एकाच केबलवर असल्याने नियम सभेसारखा होता : आधी ऐकावे, शांतता असेल तर बोलावे, आणि दोघे एकदम बोललेच तर दोघांनीही थांबून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. ही हाफ-डुप्लेक्स पद्धती.

१९९० नंतर पीळदार जोड्यांच्या तारा व स्विच आले. पाठवण्यास एक जोडी, स्वीकारण्यास दुसरी. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलणे शक्य झाले. या फुल-डुप्लेक्स पद्धतीला १९९७ मध्ये मानकात स्थान मिळाले. त्याआधीच, १९९५ च्या शंभर मेगाबिटच्या मानकात, दोन्ही टोकांनी वेग व पद्धती आपसांत ठरवण्याची सोय झाली होती. तिचे नाव ऑटो-निगोशिएशन.

आरंभीची उपकरणे या वाटाघाटीत अडखळत. म्हणून जाणत्यांनी सल्ला दिला : 'वेग शंभर, फुल-डुप्लेक्स' असे हातानेच निश्चित करा. त्या काळी तो शहाणपणाचा होता. पण एक टोक असे बांधले आणि दुसरे स्वयंचलित ठेवले, की बांधलेले टोक सहसा वाटाघाटीत मौन पाळते. दुसरे टोक संकेतावरून वेग ओळखते, पद्धती ओळखू शकत नाही, आणि मानकानुसार हाफ-डुप्लेक्स धरते. एक जण न थांबता बोलतो, तर दुसरा प्रत्येक वेळी टक्कर झाली असे समजून मध्येच गप्प होतो.

हे दुखणे फसवे आहे. दिवा हिरवा असतो, पिंगला उत्तर मिळते, कारण तुरळक व लहान संदेश निभावून जातात. मोठी फाइल पाठवताच वेग कोसळतो. स्विचवरील नोंदी मात्र खरे सांगतात : हाफ-डुप्लेक्स टोकावर उशिराच्या टकरी वाढतात, फुल-डुप्लेक्स टोकावर सीआरसी त्रुटी व तुटके संदेश. उपाय बिनखर्चाचा आहे : दोन्ही टोके स्वयंचलित ठेवावीत, किंवा दोन्ही सारखीच बांधावीत.

तांब्याच्या तारेवरील गिगाबिट इथरनेटने १९९९ मध्ये ही वाटाघाट अनिवार्य केली. त्या वेगाला चारही जोड्या लागतात. म्हणून हजाराच्या जागी शंभर दिसले, तर केबल व तिची टोके तपासावीत.

जुन्या यंत्रांसाठी काढलेली सूचना यंत्रे बदलल्यावरही टिकली, तर तीच बिघाडाचे कारण होते. परिपत्रकांचेही असेच असते. नवा आदेश काढण्यापूर्वी जुना कोणत्या कारणाने निघाला आणि ते कारण उरले आहे काय, हे पाहावे. रांगेतील नागरिकाचा वेळ वाचवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग होय.