चित्राची अंकमाला

अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात १ मे १९६४ रोजी 'बेसिक' ही संगणकभाषा प्रथम चालली. गणिताचे प्राध्यापक जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ हे तिचे जनक. विज्ञानाचा अभ्यास न करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. त्या वेळी उत्तर उमटे ते टेलिटाइपच्या कागदावर. चित्राला त्या भाषेत स्थान नव्हते.

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला आणि त्याच्या बेसिकमध्ये चित्रे रेखाटण्याची सोय झाली. परंतु रेखाटणे निराळे आणि हालविणे निराळे. बेसिक प्रत्येक आज्ञेचा अर्थ लावून मगच ती पाळी. पावलोपावली चित्र नव्याने काढावयाचे, तर ते पडद्यावर रखडतच चालावयाचे.

ही अडचण 'गेट' आणि 'पुट' या दोन आज्ञांनी दूर केली. पडद्यावरील चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे सांगितले, की 'गेट' त्यातील प्रत्येक बिंदूचा रंग 'अ‍ॅरे'त, म्हणजे अंकांच्या क्रमवार घरांत, उतरवून घेई. घरांचा हिशेब मात्र आधी करावा लागे. चार रंगांच्या पडद्यावर बिंदूमागे दोन बिट लागत. म्हणून ३२ बिंदू रुंद व ३२ बिंदू उंच चित्रास २५६ बायट, आणि रुंदी-उंचीच्या नोंदीस आणखी चार. एका पूर्णांकास दोन बायट धरता घरे झाली १३०. ती कमी पडली, तर आज्ञा नाकारली जाई. संपूर्ण पडदा टिपावयास १६,००४ बायट लागत. बेसिकच्या वाट्याला तर ६४ किलोबायटांहून अधिक स्मृती नसे. तेव्हा काटकसर अपरिहार्यच होती.

'पुट' हे टिपलेले चित्र हव्या त्या जागी ठेवी. वेगळे न सांगितल्यास ते 'एक्सॉर' या तार्किक क्रियेने पडद्यावर मिसळे. तेच चित्र त्याच जागी पुन्हा ठेवले, की ते नाहीसे होऊन मागील देखावा जसाच्या तसा परत येई. याची किंमतही पडे: रंगीत पार्श्वभूमीवर चित्राचे रंग पालटत आणि ते लुकलुके.

बिंदूंचे गठ्ठे उचलून ठेवण्याचे तत्त्व झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात १९७५ मध्येच सिद्ध झाले होते. बेसिकने ते घरोघरी पोहोचविले. १९९१ साली क्यूबेसिकबरोबर आलेल्या 'गोरिलाज' या खेळातील वानरे याच दोन आज्ञांनी हात उंचावीत. आणि त्या खेळाची ओळ न् ओळ कोणाही शाळकरी मुलाला उघडून वाचता, बदलून पाहता येत असे. डार्टमथचा मूळ हेतू येथे खऱ्या अर्थाने फळास आला.