मोटारीतील पहारेकरी दिवे

मोटारगाडीची किल्ली फिरविली की चालकापुढील फळीवर तांबडे-पिवळे दिवे एकदम उजळतात आणि यंत्र सुरू होताच बहुतेक मावळतात. पुष्कळांना ती केवळ शोभा वाटते; वस्तुतः ती हजेरी असते. संकटकाळी ज्यांनी हाक द्यावयाची, ते पहारेकरी जागे आहेत की नाहीत, हे त्या क्षणी दिसून येते.

'डॅशबोर्ड' हा शब्द घोडागाडीच्या काळचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी लावीत, तिचे ते नाव. घोडा गेला, यंत्र आले. फळी मात्र राहिली. आरंभी तिच्यावर वाचण्यासारखे फारसे नसे. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत वंगणाची पातळी पाहावयाची, तर गाडीखाली वाकून यंत्राच्या तळाशी असलेल्या दोन तोट्या उघडाव्या लागत. रेडिएटरमधील पाणी उकळू लागल्याचे वाफेचा लोट दिसेल तेव्हाच कळे. हॅरिसन बॉइस याच्या, १९१२ साली पेटंट मिळालेल्या तापमापकाने ही अडचण दूर केली. तो रेडिएटरच्या झाकणावर बसे व चालकास आपल्या जागेवरूनच दिसे.

पुढे असे मापक फळीवर आले. परंतु काट्याला वाचणारा डोळा लागतो. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने तेलाचा दाब व विद्युत्-जनित्र यांच्यासाठी काट्यांऐवजी दिवे बसविले. अशा दिव्यांना जाणत्या चालकांनी पुढे 'मूर्खांचे दिवे' म्हणून हिणविले. त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. काटा हळूहळू उतरताना दिसतो, दिवा मात्र दाब घटल्यावरच लागतो. तथापि, रहदारीत ज्याचे सारे लक्ष रस्त्यावर आहे, त्याच्या नजरेतून काटा निसटेल, तांबडा दिवा सहसा निसटत नाही.

तेलाच्या दिव्याची मूळ रचना साधी आहे. तेलाच्या मार्गात बसविलेली कळ दाब असेतोवर उघडी राहते. दाब घटला की स्प्रिंगच्या जोराने ती मिटते आणि दिवा लागतो. यंत्र सुरू होण्यापूर्वी दाब नसतो, म्हणूनच किल्ली फिरविताच तो पेटतो. त्या वेळी जो पेटतच नाही, त्याच्याविषयी अधिक सावध असावे, कारण त्याचे मौन म्हणजे कुशल नव्हे. धावत्या गाडीत हा दिवा लागल्यास गाडी कडेला घेऊन यंत्र तत्काळ बंद करावे. वंगणावाचून धातू धातूवर घासला, तर यंत्र निकामी होण्यास काही मिनिटेही पुरतात.

पिवळ्या दिव्याची कथा निराळी आहे. लॉस एंजल्स शहरावर दाटणाऱ्या धुरक्याचा संबंध मोटारींच्या धुराशी आहे, हे १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखविले. पुढे कॅलिफोर्निया राज्याने १९९१ च्या नमुन्यांपासून असे बंधन घातले की, धूर नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेची तपासणी गाडीनेच करावी व दोष आढळल्यास दिवा लावावा. १९९६ पासून याची सुधारलेली पद्धत साऱ्या अमेरिकेत लागू झाली. भारतातही २०१० पासून ती टप्प्याटप्प्याने आली. यंत्राच्या आकृतीचा पिवळा दिवा त्यामुळे सार्वत्रिक झाला. तो स्थिर असला तर लवकर तपासणी करवावी. लुकलुकू लागला तर सिलिंडरात इंधन नीट जळत नाही आणि धूर शुद्ध करणारे उपकरण जळून जाण्याचा धोका आहे, असे समजून वेग कमी करावा व गाडी थांबवावी.

तांबडा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर पाहा, हिरवा व निळा म्हणजे केवळ माहिती, हा नियम आज सर्वत्र रूढ आहे. तरीही 'गाडी चालते ना!' असे म्हणून कित्येक मालक पिवळा दिवा महिनोन्‌महिने तसाच ठेवतात. गाडी चालते, हे खरे. परंतु तांबडा दिवा मालकाचे प्राण व पैसा राखतो, तर हा पिवळा दिवा मुख्यतः रस्त्याच्या कडेने शाळेस जाणाऱ्या परक्या मुलांच्या छातीची राखण करतो. त्याची हाक ज्यास ऐकू येते, त्याचे स्वतःचे नुकसान पुष्कळदा थोडेच असते. म्हणूनच ती ऐकणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते.