जुन्या ‘जोंगा’ला सीटबेल्ट बसवताना

जबलपूर : लष्करी सेवेतून निवृत्त झालेल्या आणि लिलावातून नागरी हातांत आलेल्या ‘जोंगा’ गाड्या आजही हौसेने दुरुस्त केल्या जातात. इंजिन नव्याने बांधले जाते, मूळचा हिरवा रंग पुन्हा चढतो, ताडपत्रीचे छत नव्याने शिवून घेतले जाते. सीटबेल्टची पाळी मात्र बहुधा सर्वांत शेवटी येते, आणि तीही बाजारातून पट्टा आणून आसनाशेजारच्या पत्र्याला भोक पाडण्यापुरती. पट्टा तुटल्यामुळे माणूस दगावण्याचे प्रसंग विरळा असतात. जुन्या गाडीत धोका असतो तो पट्टा जेथे बांधला आहे ती जागा उखडून येण्याचा.

जोंगा ही जबलपूरचीच निर्मिती. तोफांचे गाडे बनविणारी गन कॅरेज फॅक्टरी या शहरात १९०४ पासून आहे. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि जपानच्या निस्सान कंपनीच्या परवान्याखाली ‘पेट्रोल’ मालिकेतील पी-६० या गाडीचे भारतीय रूप लष्करासाठी तयार होऊ लागले. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी नावातील अक्षरे जुळवून ‘जोंगा’ हा शब्द घडला. त्यासाठी ‘अँड’मधला ‘एन’सुद्धा कामी लावावा लागला. सुमारे चार लिटर क्षमतेचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, चारही चाकांना मिळणारी ताकद आणि शिडीसारखी भक्कम चॅसिस यांमुळे ही गाडी डोंगराळ सीमाभागात तीन दशके वावरली. १९९९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. २०१९ मध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी रांचीत जोंगा घेऊन फिरताना दिसला, तेव्हा या विस्मृतीत गेलेल्या नावाकडे तरुणांचे लक्ष पुन्हा वळले.

तीन ठिकाणी बांधलेला सीटबेल्ट स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९५९ मध्येच बाजारात आणला होता. तरीही जोंगाच्या मूळ आराखड्याच्या काळात लष्करी वाहनांत तो अपवादानेच आढळे. त्यामुळे बहुतेक लष्करी जोंगांच्या सांगाड्यात पट्टा बांधण्यासाठी मजबूत केलेली जागा मुळातच नसते. जुना पट्टा काढून त्याच भोकांत नवा बसविणे हे आधुनिक मोटारीचे काम झाले. जोंगात ती जागा आधी निर्माण करावी लागते.

नियम काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२५ अन्वये मार्च १९९४ पासून उत्पादकांना चालक आणि पुढच्या प्रवाशासाठी सीटबेल्ट देणे बंधनकारक झाले. पुढे तोंड असलेल्या मागच्या आसनांचा समावेश २००२ मध्ये झाला. पट्टा लावण्याची सक्ती करणारा नियम १३८ हाही ज्या वाहनांत नियम १२५ नुसार पट्टे दिलेले आहेत त्यांच्यापुरता आहे. म्हणजे १९९४ पूर्वीच्या जोंगाच्या मालकाला नियमाचा शब्द सूट देतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९४ब बरेच व्यापक आहे. पट्ट्याविना वाहन चालविणारा किंवा पट्टा न लावलेले प्रवासी नेणारा, दोघांनाही ते एक हजार रुपये दंड सांगते. चौकात उभा असलेला पोलीस गाडीचे निर्मितीवर्ष विचारत बसेलच, असे नाही.

कायद्याची ही सूट गतीच्या नियमांना ठाऊक नसते. पंचाहत्तर किलो वजनाची व्यक्ती ताशी ५० किलोमीटर वेगात असताना गाडी धडकली आणि अर्ध्या मीटरच्या अंतरात तिचे शरीर थांबले, तर पट्ट्यावर येणारा सरासरी भार सुमारे दीड टन भरतो. क्षणिक भार त्याहून अधिक असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीनजीक सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. ती गाडी आधुनिक, हवेच्या पिशव्या असलेली होती. जोंगात पिशव्या नाहीत, धडकेत आक्रसणारा पुढचा भाग नाही आणि स्टिअरिंगचा दांडाही जुन्या पद्धतीचा, ताठ आहे. तेथे पट्टा हाच एकमेव आधार.

बोल्ट, प्लेट आणि पत्रा

भारतात पट्ट्यासाठी आयएस १५१४० आणि तो ज्या जागी जखडायचा त्या जागेसाठी आयएस १५१३९ ही मानके आहेत. पुण्यातील एआरएआय संस्थेत अशा चाचण्या होतात. प्रवासी मोटारींच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तीन ठिकाणी बांधलेल्या पट्ट्याच्या छातीच्या आणि कमरेच्या भागांना एकाच वेळी प्रत्येकी सुमारे साडेतेरा किलोन्यूटन, म्हणजे जवळपास पावणेचौदाशे किलोचा ओढ दिला जातो. फक्त कमरेच्या पट्ट्याला तो सव्वाबावीस किलोन्यूटनपर्यंत वाढतो. घरगुती गॅरेजमध्ये ही चाचणी करता येणार नाही. पण काम कोणत्या तोलामोलाचे आहे, हे या आकड्यांवरून उमगावे.

बोल्ट पत्र्याला भोक पाडून नुसत्या वॉशरवर आवळला, तर धडकेत तो शर्टाच्या काजातून बटण निसटावे तसा पत्र्यातून निसटतो. म्हणून पत्र्याच्या मागच्या बाजूने पोलादी प्लेट द्यावी लागते. मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अशा प्लेटचे क्षेत्रफळ किमान ४० चौरस सेंटिमीटर आणि जाडी किमान ३ मिलिमीटर सांगितली आहे. जुन्या, गंजाची शक्यता असलेल्या पत्र्यासाठी त्याहून मोठी प्लेट घेणे शहाणपणाचे. तिचे कोपरे गोल घासावेत आणि कडा बोथट ठेवाव्यात. नाहीतर ओढ येताच प्लेटच पत्रा कापते. नट प्लेटला वेल्ड करायचा असेल, तर ते काम प्लेट गाडीबाहेर असताना करावे.

बोल्टच्या बाबतीत काटकसर नको. जगभरातील बहुतेक सीटबेल्टना सात-सोळांश इंचाचा, इंचाला वीस आटे असलेला बारीक आट्याचा बोल्ट लागतो. काही उत्पादक १२ मिलिमीटरचा वापरतात. हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारा साधा बोल्ट दिसायला तसाच असला, तरी त्याच्या माथ्यावर प्रतीची खूण नसते. मेट्रिक बोल्टवर किमान ८.८ हा आकडा हवा, इंची बोल्टवर उच्च प्रत दर्शविणाऱ्या सहा रेषा. पट्ट्यासोबत आलेला खांद्याचा बोल्ट असेल तर तोच वापरावा. त्याच्या आट्यांच्या वर गुळगुळीत खांदा असतो, त्यामुळे बोल्ट पूर्ण आवळूनही पट्ट्याची कडी मोकळी फिरते. कडी जखडली, तर पट्टा तिरका ओढला जाऊन एकाच कडेवर ताण येतो.

भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली शिरून पाहणे भाग आहे. पेट्रोलची टाकी, इंधनाची व ब्रेकची नळी, वायरिंग यांपैकी काहीही ड्रिलच्या वाटेत असू शकते. पायदानाखालचा आणि चाकावरच्या कमानीचा पत्रा हातोडीने ठोकून तपासावा. आवाज बद्द आला, किंवा रंगाचे पापुद्रे सुटले, तर आधी तो भाग कापून नवा पत्रा जोडावा लागेल. गंजलेल्या पत्र्यामागे कितीही जाड प्लेट दिली, तरी उपयोग नाही.

जोंगाचा बॉडीचा भाग चॅसिसवर रबरी आधारांवर टेकलेला असतो. मोठ्या धडकेत बॉडी चॅसिसवरून सरकू शकते. अशा वेळी पट्ट्याचे एक टोक बॉडीला आणि दुसरे थेट चॅसिसला बांधलेले असेल, तर पट्टा एक तर ढिला पडतो किंवा माणसाला आवळतो. एका आसनाच्या पट्ट्याची सर्व टोके आणि ते आसन यांनी एकाच भागाचा आश्रय घ्यावा. चॅसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे तर टाळावेच. त्याने मूळ ताकदच घटते.

कमरेच्या पट्ट्याची टोके आसनाच्या मागच्या कडेशी, दोन्ही बाजूंना यावीत. बाजूने पाहिल्यास पट्ट्याचा उतार जमिनीशी साधारण ४५ ते ६० अंशांचा असावा, म्हणजे तो नितंबाच्या हाडांवर बसतो. टोके फार मागे गेली तर पट्टा पोटावर सरकतो, शरीर त्याखालून पुढे घसरते आणि आतड्यांना, यकृताला इजा होते.

खांद्याचा प्रश्न

खरी अडचण वरच्या टोकाची. बंद मोटारीत ते दोन दारांमधल्या खांबाला असते. ताडपत्रीच्या जोंगात तसा खांबच नाही. छत तोलून धरणाऱ्या कमानी फक्त कापड पेलण्यासाठी असतात. त्यांना पट्टा बांधणे म्हणजे छत्रीच्या काडीला दोर बांधण्यासारखे आहे. काही जण यावर उपाय म्हणून खांद्यावरून येणारा पट्टा आसनामागे थेट तळाच्या पत्र्यात रोवतात. ही सर्वांत घातक जोडणी म्हणावी लागेल. वरचे टोक खांद्याच्या उंचीवर किंवा किंचित वर असायला हवे. ते खाली असले, तर धडकेत पट्टा खांद्याला खाली दाबतो आणि तो भार थेट पाठीच्या कण्यावर येतो.

त्यामुळे पर्याय दोनच उरतात. दोन्ही बाजूंना रुंद पायपट्ट्या असलेला, प्लेटांनिशी जखडलेला पोलादी रोल बार उभारावा आणि खांद्याचा पट्टा त्याला बांधावा, किंवा तूर्त चांगल्या कमरपट्ट्यावर समाधान मानावे. कमरपट्टा डोके स्टिअरिंगवर आपटण्यापासून वाचवीत नाही, पण माणसाला गाडीबाहेर फेकले जाऊ देत नाही. उघड्या गाडीत ही गोष्ट लहान नव्हे. शर्यतीचा चारपदरी पट्टा आकर्षक दिसतो, परंतु रोल बार नसताना तो लावू नये. गाडी उलटली, तर तो माणसाला ताठ बसलेल्या स्थितीत अडकवून ठेवतो आणि वर आधार काहीच नसतो.

रोल बार हा बांधणीतील बदल आहे. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून विसंगत ठरतील असे बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मज्जाव करते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे सोयीचे. विशेषतः लष्करी नोंदणीतून नागरी नोंदणीत येणाऱ्या गाडीची कागदपत्रे अद्याप पूर्ण व्हायची असतील, तर हे आधीच उरकावे.

आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा घ्यायचा की साधा, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. गुंडाळणाऱ्या रिळात एक छोटा गोळा किंवा लोलक असतो; गाडी अचानक मंदावली किंवा कलली की तो हलतो आणि रीळ अडकवतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १२ अंशांपर्यंतच्या कलाने ते अडकता कामा नये आणि २७ अंशांपलीकडे अडकलेच पाहिजे. रीळ ज्या कोनात बसविण्यासाठी बनले आहे त्याहून वेगळ्या कोनात बसविले, तर ते कायमचे अडकते किंवा गरजेच्या क्षणी अडकतच नाही. नर्मदेच्या काठावरील घळींतून उतरताना योग्य बसविलेले रीळही वारंवार अडकेल. तो दोष नव्हे. अशा वाटांवर ज्यांचे नेहमी जाणे-येणे आहे, त्यांना रीळ नसलेला, हाताने आवळायचा पट्टा बरा पडतो. मात्र प्रत्येक वेळी तो नीट आवळण्याची सवय हवी.

मागच्या आडव्या बाकांची गोष्ट निराळी. समोरासमोर तोंड करून बसणाऱ्यांना पुढून धडक बसली, की शरीर कुशीवर फेकले जाते. तेथे खांद्यावरचा पट्टा मानेला धोकादायक ठरतो, म्हणून कमरपट्टाच द्यावा, आणि लहान मुलांना त्या बाकावर बसवूच नये.

पट्टा नवा आणि प्रमाणित घ्यावा. आयएस १५१४० चा उल्लेख किंवा युरोपीय ‘ई’ खूण त्याच्या चिठ्ठीवर असते. भंगार बाजारातील पट्टा स्वस्त मिळतो, पण तो कोणत्या अपघातातून आला हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. एकदा धडकेचा ताण सोसलेल्या पट्ट्याचे धागे ताणले गेलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. उघड्या गाडीत ऊनही तेच करते. रंग विटला, कडा केसाळ झाल्या, शिलाई सुटली, बकल टचकन लागेनासे झाले, की पट्टा बदलावा. शिंप्याकडून शिवून घेऊ नये, आम्लाने किंवा ब्लीचने धुऊ नये. कोमट पाणी आणि साधा साबण पुरे.

काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी दहा-पंधरा किलोमीटर वेगात ब्रेक दाबून रीळ अडकते का, हे पाहावे. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत आणि दर पावसाळ्यानंतर प्लेटांखालचा पत्रा उघडून बघावा. काढलेला जुना पट्टा मधोमध कापूनच टाकावा, म्हणजे तो पुन्हा बाजारात पोहोचत नाही.