ठाण्याची खाडी आणि टोपीकरांशी तह

सुरतचा, पुरंदरचा, सालबाईचा हे तह आपण शाळेत सनावळीसकट पाठ केले. त्या तिन्ही तहांत ज्या साष्टीवरून घासाघीस झाली, ती साष्टी म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचे बेट. आपल्यातले निम्मे जण आज तिथेच राहतात! म्हणून मित्रमैत्रिणींनो, हा धडा पुन्हा एकदा.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी इथल्या खाडीत जहाजे बांधायला घेतली. ज्याच्या हाती समुद्र, तोच टोपीकरांशी बरोबरीने बोलेल, हे त्यांनी ओळखले होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्याच वर्षी मुंबईकर इंग्रजांनी मराठ्यांशी तह केला.

मग १७५६ साल उजाडले. तुळाजी आंग्र्यांशी असलेल्या वैरापायी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले. अठरा वर्षांनी, १७७४ च्या डिसेंबरअखेर, त्याच इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला. गोव्याचे पोर्तुगीज साष्टी परत घेतील, ही त्यांना धास्ती होती. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेला परस्पर तह करून साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली.

नाना फडणवीसांनी डाव सावरला. १७७७ मध्ये फ्रेंच वकील सेंट ल्युबिन याला पुण्यात ठेवून घेऊन त्यांनी इंग्रजांना धाकात ठेवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेनेही इंग्रजांविरुद्ध फ्रान्सशी तह केला. शत्रू एक, युक्तीही एक. मात्र १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली, साष्टी गेली. शिवाय पोर्तुगीज सोडून अन्य युरोपीयांना वखारी घालू देणार नाही, हेही पेशव्यांना कबूल करावे लागले. म्हणजे फ्रेंचांचा धाक दाखवण्याची वाटच बंद झाली.

अमेरिकेला अटलांटिक महासागराचे अंतर लाभले, हे खरे. आपल्याकडे इंग्रज खाडीपलीकडेच बसले होते. पण भूगोलाच्या माथी सारे मारता येत नाही. कोणत्याही घटक राज्याने परकीयांशी परस्पर तह करू नये, असे अमेरिकेने १७८७ च्या संविधानात लिहून ठेवले. पुढे १७९३ मध्ये इंग्रज-फ्रेंच युद्धात वॉशिंग्टन तटस्थ राहू शकले, कारण परराष्ट्राशी बोलणारे तोंड एकच होते. आपल्याकडे राघोबादादांना अडवणारा असा नियम नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८२३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मन्रो युरोपला बजावत होते की आमच्या खंडांत नव्या वसाहती नकोत.

सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही आधी विचारतो, बदल करण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे? सुरतेच्या तहाला हाच प्रश्न लावून पाहा. तह कोणत्या साली झाला हे आपण परीक्षेत लिहिले. तो करण्याचा अधिकार कोणाला होता, हे आपल्या मुलांनी विचारावे. ठाण्याच्या त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. कळव्याचा खाडीपूल ओलांडताना एवढे आठवले तरी पुरे.