परत आलेली व्ही. पी.

काही वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातील चंदेरीला कामानिमित्त गेलो असताना एका तरुण विणकराच्या घरी चहा घेण्याचा योग आला. हा तरुण घरच्या मागावरील साड्या इंटरनेटवरून विकत असे. हातमागाच्या खटखटाटात तो उत्साहाने बोलत होता, पण माझे लक्ष कोपऱ्यातील पुडक्यांच्या ढिगाकडे गेले. प्रत्येकावर परतीचा शिक्का होता. मी विचारले तेव्हा तो क्षणभर थांबून म्हणाला, "साहेब, माल तर जातो, पण हाती पैसा राहत नाही. पुन्हा गावच्या व्यापाऱ्यालाच साड्या द्याव्यात असे वाटू लागले आहे."

त्या ढिगाने मला एक जुना शब्द आठवून दिला : व्ही. पी.

महाराष्ट्राबाहेर, इंदूर-बडोद्यासारख्या गावी ज्यांचे बालपण गेले, त्यांना हा शब्द परका वाटणार नाही. मराठी पुस्तके, मासिके, दिवाळी अंक पोस्टमन दारात घेऊन येई. पैसे मोजले की पुडके हातात पडे. जाहिरातीत किमतीपुढे 'ट. ख. निराळा' असे छापलेले असे. आज आपण ज्याला 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणतो, ते याहून वेगळे काय आहे?

व्हॅल्यू पेएबल पोस्ट ही पद्धत हिंदुस्थानच्या टपाल खात्याने १८७७ साली सुरू केली. अमेरिकेच्या टपालात अशी सोय १९१३ साली आली आणि खुद्द ब्रिटनमध्ये १९२६ साली. राज्यकर्त्यांच्या देशाआधी जवळजवळ पन्नास वर्षे ती या वसाहतीत चालू होती. १८८० पासून टपाल खाते मनीऑर्डरचे काम पाहू लागले आणि साखळी पूर्ण झाली : पोस्टमनने दारात वसूल केलेली रक्कम मनीऑर्डरने विक्रेत्याकडे जाऊ लागली. ज्याने मुंबई-कलकत्ता कधी पाहिले नाही, अशा खेड्यातील माणसालाही घड्याळ, औषध वा पुस्तक मागवता येऊ लागले.

या व्यवस्थेचे मर्म प्रशासकीय आहे. दोन अनोळखी माणसांचा एकमेकांवर विश्वास नव्हता, पण दोघांचाही पोस्टमनवर होता. सरकारने बाजारपेठ उभारली नाही, विश्वासाचा मध्यस्थ तेवढा पुरवला.

अर्थात जिथे विश्वास, तिथे त्याचा गैरफायदा घेणारेही आलेच. न मागवलेला माल माथी मारणे, पुडक्यात भलतेच काही भरणे, हे प्रकार होऊ शकत होते. म्हणून १८९८ च्या टपाल कायद्यात, माल खऱ्या मागणीनुसारच पाठवीत असल्याचे विक्रेत्याकडून लिहून घेणारा नियम करण्याची तरतूद होती. फसवणूक झाल्यास वसूल रक्कम रोखून ग्राहकाला परत देण्याची वाटही पुढे त्यात होती. हा कायदा आता इतिहासजमा झाला आहे. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने जून २०२४ पासून त्याची जागा घेतली.

परंतु एका प्रश्नाला त्या व्यवस्थेकडे उत्तर नव्हते. ग्राहकाने व्ही. पी. घेतलीच नाही, तर? पुडके परत येई आणि टपालखर्च विक्रेत्याच्या अंगावर पडे. म्हणून मासिकांचे संपादक वर्गणीदारांना काकुळतीने विनवीत, की व्ही. पी. परत करू नका. ग्रंथविक्रेते मागणीसोबत काही रक्कम आगाऊ मागत. विश्वासाची किंमत कोणीतरी मोजतच होता, आणि तो बहुधा लहान विक्रेता असे.

२०१० साली फ्लिपकार्टने 'माल मिळाल्यावर पैसे' ही सोय आणली आणि इंटरनेटवरील खरेदी भारतात सर्वदूर पसरली. जुनाच व्यवहार नव्या वेषात आला, आणि जुना प्रश्नही त्याच्यासोबत आला.

चंदेरीच्या त्या घरात आम्ही वही उघडून सोपे आकडे धरले. साडीचा खर्च १,६०० रुपये, विक्री २,००० रुपये, पाठवणी १०० रुपये. त्याच्या मते प्रत्येक साडीमागे ३०० रुपये सुटत, म्हणजे दहा साड्यांमागे ३,०००. आता दहांपैकी तीन परत आल्या असे धरू. सात विक्रींचे २,८०० रुपये. त्यातून दहा पाठवण्यांचे १,००० आणि तीन परतींचे ३०० वजा. उरले १,५००. परत आल्या तीन, पण नफा निम्मा झाला. विकल्या गेलेल्या प्रत्येक साडीवर वाहतुकीचा खरा बोजा १०० नव्हे, तर सुमारे १८६ रुपये होता. मंचाचे कमिशन आणि घडी मोडलेल्या साडीची घट यात धरलेलीच नाही.

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. त्याने किंमत ठरवली होती ती शेजारच्या विक्रेत्याची पाहून. शेजाऱ्यानेही तसेच केले असावे.

मग आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. परतीचा खर्च किमतीतच धरायचा. आगाऊ पैसे भरणाऱ्याला थोडी सूट द्यायची. आणि कोणत्या पिन कोडवरून पुडकी परत येतात, त्याची नोंद ठेवायची. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेले ते सहा आकडे असेही कामी येतात!

ग्राहकाच्या बाजूने कायदा आज बराच पुढे गेला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत एकाच आकड्यात दाखवून पोचवणीच्या खर्चासह तिची फोड द्यावी लागते. 'ट. ख. निराळा' म्हणून मोकळे होण्याचे दिवस संपले, हे योग्यच झाले. पण नकाराचा भार कोणी सोसायचा, हा १८७७ पासूनचा प्रश्न जिथल्या तिथेच आहे.

यात माझाही दोष आहे. लहान उत्पादकांसाठी मी जी प्रशिक्षणे भरवली, त्यांत छायाचित्रे कशी काढावीत, नोंदणी कशी करावी, हे सारे शिकवले. परत आलेल्या पुडक्याचा हिशोब मात्र कोणत्याही तासात नव्हता. किती जणांनी दुकान उघडले, हा आकडा आम्ही अहवालात अभिमानाने लिहिला. किती जणांनी ते मुकाट्याने बंद केले, हे विचारलेच नाही.