एका आडव्या रेघेची गोष्ट

जर्मनीत डॉक्टरेट केलेल्या इंजिनिअरच्या नावाआधी बहुधा 'डॉ.-इंग.' असं लिहिलेलं असतं. मधली ती आडवी रेघ मला बरेच दिवस छपाईची सवय वाटायची. पण ती तडजोडीची खूण आहे.

एकोणिसाव्या शतकात तिथे पूल, यंत्रं, रेल्वे उभारणारे लोक तंत्र महाविद्यालयांत शिकत. डॉक्टरेट देणं ही मात्र विद्यापीठांची मक्तेदारी. कारखान्यातल्या माणसाने 'डॉक्टर' म्हणवून घ्यावं, हे विद्यापीठवाल्यांना रुचेना. शेवटी ऑक्टोबर १८९९ मध्ये, बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गच्या महाविद्यालयाच्या शताब्दीला, सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने प्रशियातल्या शार्लोटेनबुर्ग, हॅनोवर आणि आखेन इथल्या तंत्र महाविद्यालयांना हा अधिकार दिला. पण पदवी लॅटिनमध्ये नाही, जर्मनमध्ये लिहायची, आणि मध्ये रेघ. जुन्या डॉक्टरांशी गल्लत नको ना!

गंमत अशी, की वेगळं पाडायला ओढलेली ती रेघच पुढे अभिमानाची झाली. ती महाविद्यालयं आता विद्यापीठं आहेत, तरी रेघ कुणी खोडली नाही.

आपल्याकडे कुणी 'नुसता मेकॅनिक आहे हो' म्हणालं, की मला ती रेघ आठवते.